रविवारच्या रेघा

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. पुण्यात नोकरी लागली आणि घरचे प्रत्येक गोष्ट मला विचारून करू लागले. त्या विश्वासाची भीती वाटायची, म्हणून मी एक वही केली. दर रविवारी धायरीतल्या खोलीत बसून मोबाइलवर नोकरीच्या जाहिराती बघायच्या आणि ज्या कामाला माणूस हवा, त्यापुढे रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. गावच्या शाळेत बाईंनी असंच मोजायला शिकवलं होतं.

धाकटी बहीण बारावी झाली तेव्हा तिला नर्सिंगला जायचं होतं. आई सरकारी दवाखान्यात दाखल होती तेव्हा ही दिवसभर सिस्टरांच्या मागे मागे फिरायची. जिल्ह्याच्या कॉलेजच्या यादीत तिचं नावही लागलं. बाबांचा फोन आला, "तू म्हणशील तसं. तुला तिकडचं कळतं."

मी वही उघडली. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं पान रेघांनी भरलं होतं. नर्सिंगपुढे सात. मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं.

"तू मोजलंयस ना ताई? मग ठीक आहे."

पदवी आणि वर टेस्टिंगचा क्लास करून ती माझ्याकडे आली. पहिल्या मुलाखतीला मी सोबत गेले. तिने सहा जाहिरातींना अर्ज केले होते आणि सहाही ठिकाणांहून याच एका ऑफिसचा पत्ता आला होता. जिन्यात मुलंमुली दाटीनं उभी होती. या सहांतली आमची जागा कुठली, असं मी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं.

"अहो, जागा एकच आहे. एजन्सीवाले जो तो तीच जाहिरात आपापल्या नावानं टाकतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण काय, मोजत बसला होतात?"

मागे कुणीतरी हसलं. धाकटी हातातल्या फाइलीकडे बघत राहिली.

ती जागा मिळाली नाही, नंतरच्याही नाहीत. शेवटी विश्रांतवाडीतल्या एका लहान हॉस्पिटलात केसपेपर काढायच्या खिडकीवर ती लागली. एकदा तिला डबा द्यायला गेले, तर फाटकावर हातानं लिहिलेला पुठ्ठा दिसला: नर्स पाहिजेत, आत भेटा.

"हा कधीपासून आहे गं?"

"मी आले तेव्हापासून. पेपरात नाही देत हे लोक, मोबाइलवरही नाही. एक सिस्टर दुसरीला सांगते."

इतक्या रविवारांत मी एकाही नर्सला जाऊन विचारलं नव्हतं.

"अजूनही जाता येईल तुला," मी म्हणाले.

"आता पुन्हा तेवढी वर्षं कुठून आणू? बाजूला हो ताई, मागे पेशंट आहेत."

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. चुलत बहीण बारावी झाली, नर्सिंग म्हणते. "तू म्हणशील तसं."

"मला माहीत नाही, बाबा."

"म्हणजे? तूच तर तिथं असतेस."

शेजारी बसलेल्या धाकटीनं माझ्या हातातून फोन घेतला. "तिलाच फोन द्या, बाबा." मग ती त्या मुलीशी बराच वेळ बोलत होती. सुई टोचताना पेशंटला कसं बोलतं ठेवायचं, रात्रपाळीला काय सोबत न्यायचं, सगळं सांगत होती. मध्येच खळखळून हसलीही.

बारावीनंतर तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.