औशाच्या लेकीचं सरकारी कार्ड

शिवकांताबाईंना आनंद झाला की तो त्या पोटात ठेवूच शकत नाहीत. पोस्टानं आलेलं पाकीट त्यांनी फाडलं आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "सर, आलं! आपलं कार्ड आलं!" केंद्राचे प्रमुख डॉक्टर उमाशंकर हातातला चहा तसाच घेऊन धावत आले. निळं, चकचकीत क्रेडिट कार्ड. वर कार्यालयाचं नाव, खाली बाईंचं.

लातुरातलं हे जनावरांच्या लसींचं लहानसं सरकारी केंद्र, आणि बाई तिथल्या भांडारपाल. खिळ्यापासून खुर्चीपर्यंत जे लागेल ते बाजारातून आणायचं, हेच त्यांचं काम. पण सरकारची खरेदी म्हणजे माल आज आणि पैसे देव जाणे कधी! बिल वर जायचं, वरून शंका यायची, शंकेला उत्तर जायचं, उत्तरावर पुन्हा शंका. पैसे बुडायचे नाहीत हे खरं, पण तोवर दुकानदाराचा जीव मेटाकुटीला यायचा. आता तसं नव्हतं. कार्ड मशीनमध्ये घातलं की दुकानदार मोकळा, बँकेचं काय ते सरकार मागाहून बघून घेणार.

बाईंच्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी एकच माणूस आला. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतले विरूपाक्षअण्णा.

अण्णांचं फ्रीज-कूलरच्या सामानाचं दुकान. मूळचे औशाचे. बाईही औशाच्या, अडतवाल्या धोंडप्पांची मुलगी. माहेरच्या गावची लेक दारात आली तर तिला नाही म्हणायचं नसतं आणि तिच्याकडं पैशाचा तगादा तर मुळीच लावायचा नसतो, अशी अण्णांची रीत. बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी भरवशानं पंखे दिले, कूलर दिले, आणि दोन दिवाळ्या पैशाची वाट बघितली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त त्यानंतर बाई गल्लीत दिसल्या की अण्णा आतल्या गोदामात जाऊन बसायला लागले. नाही म्हणता येत नाही, देणं परवडत नाही, मग माणूस करणार काय? हे बाईंना पक्कं कळत होतं. म्हणूनच ते लागायचंही फार. सख्ख्या भावानं तोंड लपवावं तसं वाटायचं त्यांना. एकदा तरी अण्णांनी समोर येऊन पहिल्यासारखं बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. केंद्रात सूक्ष्मदर्शकाची, जीपची, वजनकाट्याची पूजा मांडली होती. बाईंनी कार्डही पाटावर ठेवलं. कुणी हसलं नाही, उलट डॉक्टरांनीच त्यावर फूल वाहिलं. बाईंनी भस्म ओलं केलं, तीन बोटं बुडवली आणि कार्डावर झोकात तीन पट्टे ओढले. मग त्या पट्ट्यांसकट कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिजोरीत ठेवून दिलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून सगळे कामावर आले तर लसींचं शीतकपाट बंद! कंप्रेसर जळालेला. दुसऱ्या दिवशी भोकरला जनावरांचं शिबिर, शेतकऱ्यांना निरोप गेलेले. लसी बर्फाच्या पेट्यांत हलवल्या, पण बर्फ संध्याकाळपर्यंतच दम धरणार होता. त्या कपाटाला बसेल असा कंप्रेसर लातुरात अण्णांशिवाय कुणाकडं नव्हता.

"बाई, मिळेल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिळेल का काय विचारता सर? आज रोखीनं आणते!" बाई तिजोरीतलं कार्ड घेऊन निघाल्यासुद्धा. ऑटोत बसल्या तरी त्यांचा पाय काही स्वस्थ राहीना.

दुकानात अण्णांच्या बायको, कस्तुराबाई, गल्ल्यावर होत्या. अण्णांच्या चपला पायरीवर होत्या आणि गोदामातून अण्णांचा खोकला येत होता.

"शरणार्थी वैनी," बाईंनी हात जोडून नमस्कार केला. "अण्णा हायेत का?"

"उदगीरला गेलेत," कस्तुराबाई खाली बघत म्हणाल्या.

एरवी बाई मुकाट परत फिरल्या असत्या. आज त्यांनी गोदामाकडं तोंड करून आवाज चढवला. "अण्णा, बाहेर या! आज उधार न्हाई. सरकारनं मला कार्ड दिलंय. तुमच्या मशीनमधी घालते आन् पैसे देते. न्हाई दिले तर हात हलवत परत जाते!"

खोकला थांबला. मग पडद्याआडून आधी चष्मा आला, मागून अण्णा. कपाळावर भस्माचे पट्टे, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं हसू.

"सरकार आन् कार्ड?" ते म्हणाले. "चेष्टा करायलीस का गं?"

"लावा की मशीन!"

कंप्रेसर काउंटरवर आला. रक्कम मोठी, त्यामुळे कार्ड नुसतं टेकवून भागणार नव्हतं, आतच घालावं लागणार होतं. बाईंनी ते घातलं. मशीन किरकिरलं आणि म्हणालं, कार्ड वाचता येत नाही. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. अण्णांचा चेहरा पडला. कस्तुराबाईंनी नजर वळवली. एवढ्या थाटात केलेल्या गर्जनेची बाईंना अशी काही लाज वाटली की बोलायची सोय नाही.

"बघू इकडं," अण्णांनी कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं आणि डोळे विस्फारले. "अगं, ह्याला भस्म कुणी लावलं?"

"मीच. खंडेनवमीला." बाईंनी जीभ चावली. वाळलेला मधला पट्टा कार्डाच्या सोनेरी चौकोनावर घट्ट बसला होता, आणि मशीन तर तिथूनच वाचतं! त्यांनी घाईघाईनं पदर पुढं केला.

"थांब, थांब! पदरानं पुसतेस व्हय भस्म?" अण्णांनी हात आडवा घातला. नखानं त्यांनी तो पट्टा हलकेच सोडवला, बोटावर घेतला आणि डोळे मिटून आपल्या कपाळाला लावला. मग उपरण्याच्या टोकानं तो चौकोन लख्ख केला आणि कार्ड स्वतःच मशीनमध्ये घातलं.

बाईंनी गुप्त अंक दाबले. मशीन क्षणभर गप्प राहिलं आणि मग टर्रर करत चिठ्ठी बाहेर आली. त्याच वेळी अण्णांच्या मोबाईलवर बँकेचा निरोप वाजला. अण्णांनी तो वाचला, चष्मा वर करून परत वाचला.

"आले!" ते ओरडलेच. "आगं, सरकारचे पैसे आले! माझ्या हयातीत, माझ्या डोळ्यांदेखत!" आणि ते लहान पोरासारखे हसायला लागले. बाईही हसल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. अण्णांनी स्वतः कंप्रेसर उचलून ऑटोत नेऊन ठेवला आणि तो बसवायला मिस्त्रीला फोन लावला.

बाई पायरी उतरणार तोच मागून हाक आली. "शिवकांता, अशीच निघालीस व्हय?" कस्तुराबाई दुकानामागच्या घरातून खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या होत्या.

बाई मागं सरकल्या. "न्हाई वैनी. सरकारी माणसानं दुकानदाराकडून काही घ्यायचं नसतंय."

"सरकारचं काम सरलं की. ती चिठ्ठी निघाली तवाच," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता तू औशाची. इतकी वरसं दारात येऊन मोकळ्या ओटीनं गेलीस, ते काय आमाला गोड लागत व्हतं?"

अण्णा ऑटोपाशी उभे होते. या वेळी ते कुठंही आत गेले नाहीत. बाईंनी चिठ्ठी आणि कार्ड नीट पर्समध्ये ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि ओटी पुढं केली.