टेम्पोला हार

दसऱ्याच्या सकाळी बोर्लीच्या बाजारात जाणं म्हणजे अक्कल घरी ठेवून जाणं, आणि मी दरवर्षी जाते. झेंडू आदल्या दिवशी आणला तर कोमेजतो, म्हणून सगळी पंचक्रोशी सकाळीच तिथे लोटते. त्यात सुट्टीला हरिहरेश्वरला निघालेल्या मुंबईच्या गाड्या नेमक्या बाजारात अडकतात. हॉर्न, फुलवाल्यांच्या आरोळ्या, आपट्याच्या डहाळ्या एकमेकांच्या डोळ्यांत खुपसत चाललेली माणसं, आणि त्यात मी. हातात दोन पिशव्या आणि तोंडाचा पट्टा चालू.

यंदा सोबत हेही होते. ह्यांना बाजाराचं नाव नको. वाडीत माडांची आळी साफ करत दिवस काढतील, पण बाजार म्हटलं की गुडघा दुखायला लागतो. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आपणहून स्कूटरवर बसले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मागचं थोडं सांगायला हवं. आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून कोळीवाड्यातल्या एकाचा मासळीचा टेम्पो उभा असायचा. आमच्या घरात मासळी शिजत नाही, आणि ह्यांचं नाक असं, की शेजारच्या गावात कुणी बोंबील भाजला तरी ह्यांना कळावं. त्या वासावरून ह्यांची त्याच्याशी कायमची तणतण. तो हसून “व्हय काका, काढतो” म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो तिथेच. तो तरी काय करणार? कोळीवाड्याच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, आणि बंदरावर लावायचा तर पहाटे अंधारात तेवढं अंतर चालत जायचं.

यंदा नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि त्याच आठवड्यात एका सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. बंदरावरून मासळी भरून आणलेला टेम्पो कुंपणाशी निघायच्या बेतात होता. त्याने माझी हाक ऐकली, काहीही न विचारता मासळीचे क्रेट रस्त्याकडेला उतरवले, आमचीच गादी मागे टाकली आणि आम्हाला माणगावच्या दवाखान्यात पोचवलं. जन्मात मासा न शिवलेला माणूस बर्फाच्या पाण्यात आणि बांगड्याच्या वासात झोपून गेला, आणि वाचला. त्या दिवशी गावातल्या मांजरांची दिवाळी झाली. नंतर मी नुकसानीचं विचारलं, तर म्हणतो कसा, “मांजरांनी खाल्ली काकू, त्यांना विचारा.”

हे घरी आले. त्याच्याबद्दल एक शब्द नाही. मनात नव्हतं असं मुळीच नाही, पण ह्यांना गोड बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. दोनदा चपला घालून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. तोवर त्याने आपणहून टेम्पो बंदरावर हलवला. आजारी माणसाला वासाचा त्रास नको म्हणून. ह्यांची झोप तेव्हापासून जी उडाली, ती उडालीच. डॉक्टर म्हणत सगळं ठीक आहे. मी विचारलं की “काही नाही” म्हणायचे आणि कूस बदलायचे. हे खंगत चाललेत ते मला दिसत होतं, आणि मला भीती वाटत होती.

तर बाजारात हे फुलवाल्यासमोर उभे. भला मोठा हार निवडला, देवळाच्या दाराला पुरेल एवढा.

“अहो, एवढा हार स्कूटरला? चाकात जाईल.”

“स्कूटरला नाही. आधी बंदरावर जाऊ.”

मी म्हटलं, अजून श्रीखंड राहिलंय, केळीची पानं राहिलीत, घरी कोयत्याची, पंपाची पूजा व्हायची आहे, नैवेद्याला उशीर होईल. हे म्हणाले, “होऊ दे.” लग्न झाल्यापासून ह्या माणसाने नैवेद्याच्या बाबतीत ‘होऊ दे’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मुकाट्याने मागे बसले.

बंदरावर टेम्पो धुऊन उभा होता. त्याची बायको पुढच्या काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक काढत होती. आम्हाला बघून दोघंही चपापली. काका आता बंदरावरूनही टेम्पो हलवायला लावतात की काय, असंच त्यांना वाटलं असणार.

ह्यांनी हार पुढे धरला. “मी घालू का?”

तो बाजूला झाला. सुपारीच्या झावळ्या बांधायची सवय असलेल्या हातांनी ह्यांनी हार दोन्हीकडून घट्ट बांधला. मग मागे गेले, फळी खाली घेतली आणि जिथे आपण झोपलो होतो तिथे एक फूल ठेवलं. मी पिशव्यांतलं काहीतरी शोधायला लागले.

“कुंपणाशी लावत जा पुन्हा,” हे म्हणाले.

“नको काका. वास येल. तुमाला तरास हुईल.”

“येऊ दे. वास आला की गाडी आहे हे कळतं.” फळी पुन्हा वर लावत म्हणाले, “मला झोप नाही रे लागत.”

त्याने मान हलवली. श्रीखंड शेवटी मिळालंच नाही, घरी साखरभात केला. संध्याकाळी टेम्पो कुंपणाला लागला आणि जेवण होताच हे घोरायला लागले. त्या वासाने मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. खिडकी लावावी असं मनात आलं, पण लावली नाही.