आठवी मराठीचं नाव

बुऱ्हाणपुरात बिघडलेल्या कॉम्प्युटरशी अदबीने बोलणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे हे मी अभिमानाने सांगतो. इतवारा मोहल्ल्याजवळच्या शाळेतून मामा मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण तिथल्या कॉम्प्युटरांनी त्यांना सोडलं नाही. रोज सकाळी जाऊन ते एकेकाला "उठा महाराज" म्हणत सुरू करतात. मशीन अडलं की आपण शिव्या घालतो. मामा आधी चष्मा पुसतात आणि पडद्यावर आलेली सूचना शेवटपर्यंत वाचतात. असा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

यंदा शाळेतली मराठी तुकडी कायमची बंद होणार होती. दहावीच्या शेवटच्या पाच मुलींनी टाइप केलेला अंक निरोपाच्या दिवशी छापून द्यायचा शब्द मामांनी दिला होता. अंक शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, प्रिंटर वाचनालयात, आणि शाळेत इंटरनेट नाही. पेनड्राइव्ह लावावा, तर व्हायरसच्या धास्तीने हेडमास्तरांनी कॉम्प्युटरांच्या रिकाम्या भोकांत चक्क सीलची लाख ओतून ठेवलेली! उरला शाळेतले कॉम्प्युटर तारेने आपसांत जोडणाऱ्या नेटवर्कचा रस्ता. पण वाचनालयात फायलींच्या खिडकीत 'नेटवर्क'वर क्लिक केलं, की ती खिडकीच गडप व्हायची.

"छोडो ना मामाजी, स्क्रीनचे फोटो भेजून देऊ मोबाईलवर," हेडमास्तर म्हणाले.

"पोरींना कागद देतो बोललो भाऊ. कागदच देईन."

फायलींची ती खिडकी उघडणारा प्रोग्रॅम फुकट बनवणाऱ्या परदेशी मंडळींना मामांनी घरून, मोबाईलवर, पदरच्या इंग्रजीत पत्र लिहिलं. वर सप्रेम नमस्कार, खाली 'इकडे आलात तर असीरगढचा किल्ला दाखवीन'. निरोपाच्या आदल्या दिवशी उत्तर आलं: नेटवर्कच्या यादीत एखादा बंद झालेला कॉम्प्युटर राहिलाय का, बघा.

राहिला होता. वर्गाचंच नाव दिलेला, 'आठवी मराठी'. तो वर्ग दोन वर्षांपूर्वी मुलांअभावी बंद झाला, कॉम्प्युटर भंगारात गेला. खिडकी मात्र उघडताना आधी त्यालाच हाक मारायची आणि उत्तर येईना म्हणून कोसळायची.

"काढून टाका की," मी म्हटलं.

मामांचा हात माउसवर तसाच राहिला. "बावीस वर्षं हजेरी घेतली या वर्गाची. कोणाचं नाव कधी खोडलं नाही मी."

मग त्यांनीच ते खोडलं. खिडकी उघडली, अंक दिसला, प्रिंटर घरघरू लागला. पाच प्रती निघाल्यावर मामांनी सहावी काढली.

"ही कोणाला?" मी विचारलं.

मामा उठले. ती प्रत घेऊन आठवीच्या रिकाम्या वर्गात गेले, पहिल्या बाकावर ठेवली आणि दार हळूच लोटून घेतलं.