बाभळीचं ओलं टेबल

माझा आतेभाऊ पुण्याहून निसर्गात राहायला आला, तेव्हा गाडीतून सगळ्यात आधी कॉफीचं मशीन उतरलं. वारंगा फाट्याच्या अलीकडे त्यानं चार एकर घेतलं होतं. "अक्का, आता शाश्वत जगायचं. गरजेपुरतंच," तो मला म्हणाला. आठ दिवसांत त्यानं बांधावरची जुनी बाभूळ पाडली. तिच्यामुळे खिडकीतून माळ नीट दिसत नव्हता म्हणे.

त्या बाभळीखाली शेजारच्या वस्तीवरची एक बाई दुपारी शेळ्या घेऊन बसायची. तिनं विचारलं, "काहून पाडली ओ? माझ्या शेळ्या हिच्याच शेंगा खात होत्या."

"मावशी, त्याऐवजी आपण दहा रोपं लावणार आहोत."

ती शेळ्या हाकत निघून गेली. शेळ्या दुसऱ्या दिवशीही तिथंच आल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या.

मग तो कळमनुरीला माझ्याकडे आला. मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकून म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर बाळापूरच्या एका म्हाताऱ्या सुताराकडे जाऊन रंधा धरायला शिकले. नातेवाईक हसले. हसणाऱ्यांच्या घरात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची चकचकीत कपाटं आहेत. पावसाळ्यात ती फुगतात आणि हे लोक नवी आणतात. मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करते. लाकडाच्या रेषा ओळखून रंधा चालवला की लांबच लांब सालपट गुंडाळत वर येतं, वास सुटतो, आणि दुपार कधी सरली ते कळत नाही. फायलींतून असं सुख कधी निघालं नाही.

त्यानं आधी माझ्या हत्यारांचे फोटो काढले. मग म्हणाला, "त्या बाभळीचं मोठं टेबल करून दे. पंधरा दिवसांनी पाहुणे येणार आहेत."

"ओलं आहे ते. टोकांना शेण लावून वर्षभर सावलीत ठेवावं लागेल, नाहीतर फाटेल."

"फाटू दे ना. तेही नैसर्गिकच."

मी नाही म्हटलं. त्यानं फाट्यावरच्या लाकूड कापायच्या मशीनवाल्याकडून टेबल करून घेतलं. पाहुणे आले त्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी चिमटीनं मोडत तो त्यांना सांगत होता, "हे पडलेल्या झाडाचं लाकूड. इथल्याच कारागिरानं हातानं केलंय." पाहुण्यांनी टेबलावरून भक्तिभावानं हात फिरवले. एक बाई तर डोळे मिटून म्हणाली, "झाडाचा श्वास जाणवतो." मला हसू आलं, ते मी दाबलं. भाकरी खाल्ली, वर "छान जमलंय" असंही म्हणाले. त्याची जितकी कीव येते, तितकीच त्या दिवशी वागले त्याबद्दल स्वतःचीही येते.

चैत्रात टेबलानं पाठ वळवली. मधून बोटभर फट पडली, एक पाय जमिनीवर टेकेना. त्याच महिन्यात भावाला ऊन सोसेना, तो पुण्याला गेला. रोपं त्याच्याही आधी वाळली होती. जाताना मला म्हणाला, "जाळायला घेऊन जा."

मी टेबल नेलं नाही. बुंध्याचा वेडावाकडा भाग बांधावर तसाच पडून होता. मशीनवाल्यानं तो बिनकामाचा म्हणून सोडला होता. शेळ्यांवाल्या बाईच्या घरच्या बैलगाडीतून तो माझ्या शेडमध्ये आणला. वर्षाच्या वर वाळवला. बाभूळ फार चिवट. पटाशीला दर घटकेला धार लावावी लागे. मनगट दुखायचं, तरी सकाळी चहा झाला की पाय शेडकडेच वळायचे. त्यातून तिच्या शेळ्यांसाठी गव्हाण केली, एकही खिळा न मारता, पाचरी ठोकून.

वस्तीवर उतरवल्यावर तिनं ती दोन्ही हातांनी गदागदा हलवली, उलटी केली, सांध्यांत नख घालून पाहिलं. आतेभावाच्या पाहुण्यांत एकानंही टेबल असं तपासलं नव्हतं.

"बराबर झाली," ती म्हणाली. "पण उंच झाली ना, अक्का. लहान पिलांचं तोंड पुरून न्हाई राहिलं."

मी जमिनीवर बसले, गव्हाणीच्या पायांना खुणा केल्या आणि तिच्याकडे करवत मागितली.