दिलावरची हलकी कामं

केनवडच्या रस्त्यावर किशनशेठची दालमिल आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘आमचे कामगार, आमचे कुटुंब’. रिसोडचा दिलावर या कुटुंबातला जुना माणूस. तुरीची डाळ पाडणारी मशीन तोच चालवायचा. मशीनच्या पट्ट्यावर पूर्वी लोखंडी जाळी होती. पण साफसफाईला ती काढण्या-बसवण्यात वेळ जातो म्हणून शेठनी ती कायमची काढून टाकली. कुटुंबात आडपडदा कशाला, असा त्यांचा विचार असावा.

एका सकाळी पट्ट्यात गुंतलेलं पोतं सोडवताना दिलावरचा उजवा हात आत ओढला गेला. रतनसिंग नावाच्या हमालानं धावत जाऊन बटण बंद केलं, म्हणून हात खांद्याला राहिला. कोपर मोडलं, दोन बोटं गेली.

शेठनी काही कमी केलं नाही. दवाखान्यात सफरचंदं नेली आणि सोबत फोटोवालाही नेला. दिलावर शुद्धीवर नव्हता, त्यामुळे फोटोत सफरचंदं घेताना त्याची बायको कमरुन्निसा दिसते. तो फोटो शेठच्या स्टेटसवर झळकला. पुढं दिलावर हात गळ्यात अडकवून घरी पडून राहिला, तेव्हा मात्र मिलमधून कुणाचा फोन आला नाही. आजारी माणसाला त्रास देऊ नये, एवढी समज शेठना होती. रतनसिंगला ती नव्हती. तो बाजाराच्या दिवशी हटकून यायचा, मिलमध्ये कोण काय म्हणालं ते सांगायचा आणि शेठच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचा. दिलावर हसायचा तो तेवढाच.

डॉक्टरांनी अखेर सांगितलं, काम सुरू करा, पण हळूहळू, आणि उजव्या हातानं वजन उचलू नका. दिलावर मिलमध्ये गेला. शेठनी त्याला शाल पांघरवली, नारळ दिला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की दिलावरला यापुढं हलकं काम.

पहिलं हलकं काम फाटकावरचं. ते फाटक ढकलायला दोन धडधाकट गडी लागायचे. दिलावर डाव्या खांद्यानं रेटत राहिला आणि ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले. मग शेठनी त्याहून हलकं काम शोधलं, चहा वाटायचं. एका हातात ट्रे असला की कप उचलून द्यायला दुसरा हात लागतो, हे शेठच्या लक्षात आलं ते स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडल्यावर. शेवटी सगळ्यांत हलकं काम निघालं. ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचं. कुणी व्यापारी आला की शेठ दिलावरकडे बोट दाखवून सांगत, आम्ही माणसाला टाकून देत नाही.

खरंच टाकलं नव्हतं, मांडून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत जुने सोबती दिलावरशी जपून बोलू लागले, जसा काही तो पाहुणाच. घरीही तो गप्प गप्प असायचा. कमरुन्निसानं फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, “हात गेला तवा एवढं वाटलं नाई. आता नुसतं बसूनच जीव जाऊन राह्यला.”

“मंग शेठले सांगा ना.”

“काय सांगू? त्यायनं शाल देली मले.”

सुरक्षा सप्ताह आला. वाशिमहून एक अधिकारी बाई येणार म्हणून भिंतीला रंग लागला, कामगारांना पिवळ्या टोप्या मिळाल्या आणि दिलावरची खुर्ची मंडपात अगदी पुढं आली. शेठनी कुटुंबाविषयी लांबलचक भाषण केलं. ते संपल्यावर बाईंनी दिलावरलाच विचारलं, “तुम्ही सध्या काय काम करता?”

दिलावर उभा राहिला. “बसतो, मॅडम.”

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“आणि काय करता येईल तुम्हाला?”

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. तो म्हणाला, “मशीन चालवता येते मले. बटन डाव्या अंगाले पायजे. पोतं दुसऱ्यानं टाकावं. आन् सुरुवातीले अर्धाच दिवस, कावून का हात दुखते.” मग शेठकडं न बघता म्हणाला, “जाळी बी बसवा.”

“पोतं मी टाकतो,” मागून रतनसिंग बोलला.

बाई उठून उघड्या पट्ट्यापाशी गेल्या, मग शेठना घेऊन ऑफिसात गेल्या आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते कळलं नाही. बाहेर आल्यावर शेठनी कुटुंबाचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच आठवड्यात वेल्डिंगवाला आला. बिजागऱ्यांची जाळी बसली, ती साफसफाईला झटकन उघडते. बटण डावीकडं आलं. एवढ्या सगळ्याला शेठच्या भाषणापेक्षा थोडाच जास्त वेळ लागला. ही कल्पना आपल्याला सकाळी पूजा करताना सुचली, असं शेठ हल्ली व्यापाऱ्यांच्या बैठकीत सांगतात. दिलावर ते ऐकून घेतो.

पहिल्या दिवशी पट्टा फिरू लागताच तो दचकून मागं सरला आणि त्यानं मशीन बंद केली. रतनसिंग पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. दिलावरनं कपाळ पुसलं आणि डाव्या हातानं बटण पुन्हा दाबलं.

दुपारी तो घरी आला तेव्हा हात ठणकत होता आणि डोक्यापासून पायापर्यंत तुरीचा भुसा होता. अशा अवतारात आलेल्या माणसाला कमरुन्निसा कधी उंबरठा ओलांडू द्यायची नाही. त्या दिवशी तिनं त्याला तसाच आत घेतला आणि ताट वाढलं. जेवता जेवता तो मधल्या काळात आपल्या जागी ठेवलेल्या नव्या माणसानं मशीनचे कसे हाल केले ते रागारागानं सांगत राहिला, आणि ती ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं त्याला दारातच अडवलं. “पह्यले बाहेर झटका,” ती म्हणाली.