बोगदानच्या बोडक्या गोळ्याची टोपी

आमच्या सोचा नदीकाठी नांगर घातला की बटाट्याआधी लोखंड वर येतं. पहिल्या महायुद्धात ज्या गोळ्यांनी आमच्या आजोबांची घरं पाडली, तेच गोळे आता आम्ही चिंधी घेऊन पुसत बसतो. शेजारच्या बोगदानने तर बायकोची बैठकीची खोलीच या गोळ्यांनी भरली. उखळी तोफेचे गोळे, आतली दारू कधीच काढलेली, गरीब गायीसारखे. एकशे चौदा गोळे आणि बसायला एक खुर्ची, तीही त्याचीच. त्याची बायको तोंचका तीस वर्षं पाहुण्यांना गोठ्याच्या पायरीवर कॉफी देत आली.

त्यातला एक गोळा म्हणजे बोगदानचा जीव की प्राण. पण बोडका. गोळ्याच्या नाकावर पितळी टोपी फिरवून बसवतात, फ्यूज म्हणतात तिला, तीच नव्हती. ती होती पलीकडच्या काठावरच्या इझिडोरकडे. गोळ्यावर १९१६, टोपीवर १९१६. दोघांनी ठरवून टाकलं, जोडी हीच. पण इझिडोर टोपी विकेना, बोगदान गोळा देईना. लावून तरी बघा म्हटलं, तर पूल ओलांडायचा कोणी? "मी जाऊ त्याच्या दारात?" दोघांचंही हेच. त्यापेक्षा समोरचा मरायची वाट बघणं बरं वाटलं त्यांना.

दर रविवारी चर्चच्या दारात प्रेमाची चौकशी चाले.

"काय इझिडोर, खोकला कसाय?"

"पळाला रे. तुझा रक्तदाब?"

"एकदम उत्तम."

दोघांचीही तोंडं पडायची.

गेल्या मार्चात इझिडोर गेला. मातीला बोगदान इतका रडला, की पाद्रीबाबांनाही गहिवरून आलं. मातीनंतरच्या जेवणात तो विधवेच्या कानाशी लागला.

"युस्टिना, दुःख तर आहेच. पण ती टोपी..."

"घास तरी गिळ आधी, मेल्या! टोपी तोंचकाला दिलीय मी."

तोंचका वाढत होती. तिने शांतपणे हात पुसले. "पुढच्या महिन्यात नातीचा बाप्तिस्मा. जेवण माझ्या खोलीत होणार. तुझा तो बोडका राहू दे, बाकी सगळे बाहेर. मग टोपी."

"अगं, एवढ्या सगळ्यांवर पाणी सोडू?"

"एका टोपीसाठी तीस वर्षं माणसाच्या मरणावर टपून बसलास. त्यापुढे गोळे काय जड आहेत तुला?"

आठ दिवस ढकलगाडी चालली. मी खिडकीत शेंगा सोलत बघत होते. सगळं लोखंड लाकडांच्या खोपटात गेलं. तोंचकाने फरशी धुतली, टेबलावर चादर घातली आणि मगच एप्रनच्या खिशातून टोपी काढली.

बघायला आम्ही शेजारणी जमलो, युस्टिनाही आली. बोगदानने रविवारचा कोट चढवला होता. त्याने टोपी गोळ्यावर ठेवली, फिरवली. बसेना. उलटी फिरवली. दाबून पाहिली. शेवटी ती भोकातून आत पडली आणि खुळखुळली.

"अरे देवा," युस्टिना म्हणाली, "आणि माझा म्हातारा, तुझ्याआधी मरायचं नाही म्हणून दहा वर्षं कडू काढे पीत होता!"

बोगदानने गोळा पालथा करून टोपी काढली. मला वाटलं, आता हा रडणार. त्याने ती उजेडात धरली, कोटाच्या बाहीने पुसली.

"म्हणजे हिचा गोळा कुठेतरी असणारच," तो म्हणाला.

"असेल की. खोपटात जागा आहे," म्हणत तोंचकाने त्याला बाहेर काढलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात बोगदानने वरच्या गावच्या अल्बिनला गाठलं. तोही गोळे जमवतो, ऐंशीच्या पुढचा आहे.

"काय अल्बिन," बोगदानने मायेने विचारलं, "खोकला-बिकला काही?"