डाव्या अंगाचा नट

लढाईच्या दिवसांत पेट्रोलवर कंट्रोल आला आणि वाशीमच्या ज्या जिनिंगवाल्या शेठकडे मी कामाला होतो, त्यांची मोटार बहुतेक दिवस शेडमध्येच उभी राहू लागली. तिच्यावर माणसं दोन. उस्ताद आणि मी. उस्ताद म्हणजे आमचे मिस्त्री, गावातल्या मुसलमान लोहाराच्या घरातले, साठीला टेकलेले. पाना कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं. शेठनी एक दिवस दोघांना समोर उभं करून सांगितलं, "उभ्या गाडीले दोन माणसं कायले? दिवाळीनंतर एकच ठेवीन." कोण, ते सांगितलं नाही.

माझी बायको तेव्हा गरोदर होती. हे कारण म्हणून सांगत नाही. उस्तादांच्या घरी खाणारी तोंडं माझ्यापेक्षा जास्त होती आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच सुमारास मेडशीच्या रस्त्यावर गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गेले. खड्डा मागे पडला तरी गाडी खाली-वर हलतच राहायची, शेठच्या आईला उलट्या व्हायच्या. नवे मिळणं शक्यच नव्हतं. मुंबईहून कुठल्याशा मोडीतल्या गाडीचे मागवले, ते रेल्वेनं लाकडी पेटीत आले. "हे बसवा," शेठ म्हणाले, "मंग पाहू कोनाचं काय ते."

उजव्या अंगाचा जुना शॉकअप उस्तादांनी सकाळीच उतरवला. डावा सुटेना. शॉकअपचा दांडा ज्या पिनेनं आसाला जोडलेला असतो, त्या पिनेवरचा नट जाम झाला होता. काळ्या मातीचा चिखल बसून बसून, गंजून, नट आणि पिन यांचा एकच गोळा झालेला.

उस्तादांची रीत ठरलेली होती. आधी तारेच्या ब्रशनं माती खरवडायची, घासलेटात भिजवलेली चिंधी नटाला गुंडाळायची आणि चहाला जायचं. "त्याले पिऊ दे, आपुनबी पिऊ," असं म्हणायचे. परत आल्यावर चहूबाजूंनी हलक्या हातानं ठोकायचं. तरी ऐकलं नाही तर ब्लोलॅम्पनं तापवायचं. पान्याला हात सगळ्यात शेवटी.

त्या दिवशी हे सगळं झालं आणि नट हलला नाही. हलणारच नव्हता. त्याचे आटे उलटे होते. बाकीचे नट ज्या बाजूला फिरवल्यावर सुटतात, त्या बाजूला हा आणखी आवळत होता. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी उस्ताद तापानं पडले असताना मी गाडीसोबत अकोल्याला दुरुस्तीसाठी गेलो होतो. डावीकडची पिन तुटलेली. तिथल्या मिस्त्रीनं दुसऱ्याच कुठल्या गाडीची पिन घातली आणि मला बजावलं, "उलटे आटे आहेत, घरी सांगजो." मी सांगितलं नाही. तेव्हा विसरलो, ते खरं. पण आता उस्तादांनी पाना लावला तेव्हाच मला आठवलं, हेही खरं.

पिनेचं टोक ठोकून चपटं झालेलं, आटे दिसत नव्हते. उजवीकडचा नट सरळ सुटला होता. उस्तादांना शंका यायला काही जागाच नव्हती.

रुईच्या गाठी उचलणारे हमाल येऊन उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "उस्ताद, नट हाय का सासू हाय तुमची? काई ऐकूनच नाही राह्यली!"

"सासू बरी होती बे. ते निदान बोलत तरी जाय," उस्ताद गाडीखालून म्हणाले.

सगळे हसले. तेवढ्यात शेठ ओट्यावर येऊन उभे राहिले आणि उस्तादांचा आवाज बदलला. पान्याला पाइप लावून कधी ओढू नको, असं मला दहादा सांगणारा माणूस म्हणाला, "पाइप आन रे."

शेडमध्ये पाइप दोन होते. मी त्यातला जास्त लांब आणला.

"पाना बराबर बसला का? पाह्य जरा. मले इथून दिसत नाही."

मी वाकून पाहिलं. नीट बसला नव्हता. "बसला, उस्ताद," मी म्हटलं. "मारा जोर."

पाना सटकला. पाइप आणि स्प्रिंगच्या पाट्याच्या मध्ये त्यांचं उजवं मनगट सापडलं. ते एकदाच ओरडले. त्यांना ओढून बाहेर काढलं, पोत्यावर बसवलं, कोणीतरी ओलं फडकं गुंडाळलं. हात भलत्याच ठिकाणी वाकला होता.

"तू पाह्य रे," शेठ मला म्हणाले.

मी खाली शिरलो, पाना बसवला, पाइप लावला आणि थेट उलट्या बाजूला ओढला. नट करकरला, अडला आणि सुटला. हमालांनी गलका केला. मी नट हातात घेऊन बाहेर आलो तर सगळे नटाकडे पाहत होते. उस्ताद माझ्या हाताकडे पाहत होते.

"एकदाबी सुलटा फिरवून नाही पाह्यला तू," ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "तुले पयलेच मालूम होतं."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होती. विसरलो होतो, एवढं म्हटलं असतं तरी निम्मं तरी खरं ठरलं असतं.

मी हसलो. "उस्ताद, आता दिसत नाही तर घरी बसा ना. काहून दुसऱ्याचे नट आवळत बसता?"

शेठ हसले, मग हमाल हसले. ते हसणं मी इतक्या वर्षांत घरात कोणाला सांगितलेलं नाही. हात मोडला तो पान्यानं, असं मी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं. हसवलं मात्र मी, जाणून, आणि मला ते गोड लागलं होतं.

मनगट वाकडंच जुळलं. दिवाळीनंतर मी राहिलो. थंडीत एकदा उस्ताद फाटकापाशी आले. शेठना म्हणाले, "बसून सांगत जाईन फक्त. हाताचं काम पोरगं करेल." पोरगं म्हणजे मी.

शेठनी माझ्यावर टाकलं. "तूच सांग. पायजे का तुले?"

"मोडक्या हाताचा मानूस ठेवून काय करता?" मी म्हटलं. उस्तादांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

ते वाद घालत बसले नाहीत. डाव्या हातानं शेठना सलाम केला. मग थांबून मलाही केला.

मीही केला. उजव्या हातानं.